हजेरी नंबर आणि जनरल रजिस्टर

चौतीस वर्षं मास्तरकी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं पोशेऱ्यात गेली आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो. शाळा सुटली, पण हजेरी घ्यायची सवय काही सुटली नाही. अजूनही एसटीत बसलो की मनातल्या मनात माणसं मोजतो. लग्नाच्या पंगतीत कोण आलं नाही ते मला आधी दिसतं. असो. सांगायचं काय, तर जन्मभर नावं आणि नंबर यांच्याशीच माझी गाठ पडली. म्हणून आज ज्या विषयावर लिहिणार आहे तो माझा विषयच नाही, असं कुणी म्हणू नये.

विषय असा: संगणकाला आपण ज्या वस्तू जोडतो, म्हणजे पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, प्रिंटर, नेटवर्क कार्ड, त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमने नाव आणि नंबर कसे द्यावेत? हसू नका. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने यात नाक का खुपसावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण जानेवारी २०१७ मध्ये माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात इथल्या एका पाड्यावरच्या धवलेरी आजींची गाणी मी दोन संध्याकाळी बसून रेकॉर्ड केली होती. धवलेरी म्हणजे वारल्यांमध्ये लग्न लावणारी बाई. लग्नातले विधी ती गाण्यांनी पार पाडते. ही गाणी पोथीत नसतात, एका तोंडातून दुसऱ्या कानात, एवढाच त्यांचा प्रवास. आजींना स्वतःचं वय सांगता येत नव्हतं. मध्येच थांबायच्या, खोकायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि जिथे सोडलं होतं बरोबर तिथूनच पुन्हा उचलायच्या. जवळजवळ तीन तासांचं ते रेकॉर्डिंग मी आठ जीबीच्या एका काळ्या पेन ड्राइव्हवर ठेवलं. दुसरी प्रत काढू, काढू म्हणत राहून गेलं. २०१६ च्या पावसाळ्यात आजी गेल्या.

घरात दुसराही एक पेन ड्राइव्ह होता. तोही काळा, तोही आठ जीबीचा, दोघे एका दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. त्याच्यावर सिनेमे होते. गाण्यांचा पेन ड्राइव्ह मी आधी लावायचो, सिनेमांचा मागाहून. त्यामुळे गाणी ‘ई’ दिसायची आणि सिनेमे ‘एफ’. मास्तराच्या शिस्तीने मी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

त्या जानेवारीत पुतण्याचं लग्न झालं. फोटोंसाठी सिनेमांचा पेन ड्राइव्ह पुसून घ्यायचं ठरलं. एक जुना विद्यार्थी मदतीला आला होता. त्या दिवशी नेमका सिनेमांचा पेन ड्राइव्ह आधीपासूनच संगणकाला लावलेला होता, गाण्यांचा मी नंतर लावला. म्हणजे अक्षरांची अदलाबदल झालेली, आणि माझ्या ध्यानीमनीही नाही.

“गुरुजी, एफ पुसू ना? नक्की?” त्याने विचारलं.

मी वही पाहिली आणि म्हणालो, “पूस.”

संगणकानेही एकदा विचारलं. काय विचारलं? तर एफवरचं सगळं जाईल, चालेल ना? आम्ही चालेल म्हटलं. मिनिटभरात एफ कोरा झाला. नुसतं पुसलेलं पुष्कळदा परत मिळवता येतं, हे मला पुढे कळलं. पण आम्ही लगेच त्यावर लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काठोकाठ भरले होते. पाटी पुसून वर दुसरा धडा लिहिल्यासारखं झालं.

शिमग्याला आजींची नात घरी आली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आजीचा आवाज लग्नात लावायचा, असं दोघींच्या मनात होतं. मी पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर सिनेमे आले. दुसरा लावला, फोटो आले. त्या पोरीला काय झालं ते सांगायला मला किती वेळ लागला, ते माझं मला माहीत. ती एक शब्द बोलली नाही. चहा प्यायली आणि गेली.

चूक माझी. प्रत काढली नाही, ही पहिली. पुसण्याआधी आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही, ही दुसरी. यातून मला सुटका नको आहे. पण मास्तरकीतला एक नियमही मी विसरलेलो नाही. एका पोराचं गणित चुकलं तर पोराला समजवावं. अख्ख्या वर्गाचं एकच गणित चुकलं तर मागे वळून फळ्याकडे पाहावं. भलतीच डिस्क पुसल्याच्या कहाण्या मी नंतर इतक्या जणांकडून ऐकल्या, आणि त्यात संगणकात मुरलेली माणसंही इतकी निघाली, की मी फळ्याकडे वळून पाहायला लागलो.

आता थोडं शाळेत येऊ. शाळेत एका मुलाच्या चार ओळखी असतात. पहिली हजेरी नंबर. तो दर जूनला नव्याने पडतो. यंदा सात, पुढच्या वर्षी बारा. रोज सकाळी भराभर हजेरी घ्यायला तो उत्तम. दुसरी ओळख बाकाची: खिडकीजवळचा, दाराजवळचा. ती तर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरही बदलू शकते. तिसरी ओळख जनरल रजिस्टरचा नंबर. मूल दाखल झालं त्या दिवशी तो पडतो आणि मग कधीच बदलत नाही. मूल शाळा सोडून गेलं, मोठं झालं, अगदी वारलं, तरी तो नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दाखल्यावर तोच जातो. चाळीस वर्षांनी कुणी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आलं तर तोच नंबर काढून पान उघडायचं. आणि चौथी ओळख म्हणजे नाव. आईबापांनी दिलेलं, हाक मारायचं.

या चारांपैकी कुठलीही ओळख फालतू नाही. घोटाळा होतो तो एकीचं काम दुसरीला सांगितल्यावर. उद्या एखाद्या मास्तराने दाखल्यावर हजेरी नंबर लिहिला तर काय होईल? त्या वर्षापुरतं कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुढच्या जूनला मात्र एकाचा दाखला दुसऱ्याच्या हातात पडेल.

आमच्याकडे याचा अनुभव दरवर्षी यायचा. मोखाडा, जव्हार या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात, वसईकडे, भिवंडीकडे. आईबापांबरोबर पोरंही जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. नोव्हेंबरात वर्गातली बाकं रिकामी व्हायची. गेलेल्या मुलाचा हजेरी नंबर मी वर्ष संपेपर्यंत दुसऱ्याला कधी दिला नाही. त्याच्या नावापुढे रेघ मारत राहायचो, पण ओळ त्याची. कारण तो परत आला आणि त्याच्या नंबरावर दुसरं कुणी ‘हजर’ म्हणालं, तर त्या पोराला काय वाटेल? आपण गेलो आणि आपली जागाही गेली, असंच ना? आणि नुसतं नाव पुकारूनही भागत नाही. इकडे जन्मवारावरून नाव ठेवायची रीत आहे: सोमा, मंगळ्या, बुध्या. एका वर्गात दोन सोमा ही काही नवलाची गोष्ट नाही. मग पाड्याचं नाव जोडायचं, तरी गोंधळ झाला तर बापाचं, आणि शेवटी रजिस्टर उघडायचं.

आता माझी वही आठवा. ‘गाणी ई, सिनेमे एफ.’ मी दाखल्यावर हजेरी नंबर लिहून बसलो होतो! ई आणि एफ ही त्या वस्तूंची नावं नव्हतीच. त्या दिवशी कोण आधी आलं आणि कोण मागून, एवढीच ती नोंद. पण संगणकाने मला दाखवला तो हजेरी नंबरच. पुसतानाही त्याने हजेरी नंबरच विचारला.

ही अक्षरं आली कुठून, याचा मी बराच शोध घेतला. माझा एक विद्यार्थी नाशिकला संगणकाच्याच कामात आहे, त्याला फोन करकरून भंडावून सोडलं. अक्षरांची ही पद्धत मुळात आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या मोठ्या यंत्रांवरची. तिथून ती गॅरी किल्डाल यांच्या १९७४ च्या सीपी/एम या सिस्टीमने उचलली आणि तिच्यावरून डॉसने. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फ्लॉपीचे फार तर दोन खण असत. एक ‘ए’, दुसरा ‘बी’. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्क आली, ती झाली ‘सी’. पुढे फ्लॉपी गेली. आज कितीतरी मुलांनी ती डोळ्यांनीही पाहिलेली नाही. पण संगणकाची मुख्य डिस्क अजून ‘सी’च. पहिल्या दोन ओळी शाळा सोडून गेलेल्यांच्या नावाने रिकाम्या!

त्या काळात ही पद्धत चुकीची नव्हती, हे मी मास्तर म्हणून मान्य करीन. दोन खण, दोन अक्षरं, खण यंत्रात पक्के बसवलेले. तिथे हजेरी नंबर, बाक आणि रजिस्टर नंबर हे सगळं एकच होतं. दोन मुलांच्या शाळेला तीन रजिस्टरं कशाला हवीत? अडचण सुरू झाली ती वस्तू सारख्या लावायच्या-काढायच्या झाल्या तेव्हा. शाळा मोठी झाली, मुलं भट्टीवर जायला-यायला लागली, आणि हजेरीपत्रक मात्र दोन मुलांच्या शाळेचंच राहिलं.

लिनक्स नावाच्या सिस्टीमची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. तिच्यात पूर्वी जुन्या धर्तीच्या डिस्कना ‘एचडीए’, ‘एचडीबी’ अशी नावं असत. ती बाकावरून पडायची. पहिल्या केबलवरची पहिली ती ए, दुसरी बी, दुसऱ्या केबलवरची पहिली ती सी. डिस्क जागेवरून हलवली नाही तर नाव पक्कं. नव्या धर्तीच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह आल्यावर ‘एसडीए’, ‘एसडीबी’ आली. ती मात्र हजेरी नंबरासारखी, जी आधी सापडेल ती ए. नेटवर्क कार्डाचंही तेच: ‘ईथ-०’, ‘ईथ-१’. एका संगणकात दोन कार्डं असली, एक घरातल्या जाळ्याचं आणि एक बाहेरच्या जगाचं, तर संगणक बंद करून सुरू केल्यावर दोघांची नावं उलटी होण्याची शक्यता असायची. म्हणजे चोरासाठी कुलूप लावायचं पुढच्या दाराला आणि रात्रीत पुढचं दार मागचं होऊन बसायचं!

शहाण्या माणसांनी यावर उपाय केले. २००३ मध्ये ‘यूडेव्ह’ नावाची सोय आली आणि पुढे तिने एकाच डिस्कची ओळख वेगवेगळ्या कप्प्यांत मांडून ठेवली. एक कप्पा कारखान्याने दिलेल्या ओळखीचा, एक ती कुठे जोडली आहे त्याचा, एक तिच्यावरच्या मांडणीच्या लांबलचक क्रमांकाचा, आणि एक माणसाने दिलेल्या नावाचा. हे ऐकलं तेव्हा मी फोनवरच ओरडलो, “अरे, हे तर रजिस्टर, बाक आणि नाव!” पोरगा हसायला लागला. नेटवर्क कार्डांसाठी २०१३ मध्ये सिस्टिमडीने नवी नावं आणली, ‘ईएनपी३एस०’ अशी. म्हणजे तिसऱ्या मार्गावरच्या शून्य क्रमांकाच्या खाचेतलं कार्ड. हा बाकाचा नंबर. हजेरी नंबरापेक्षा बरा, पण बाकाचा तो बाकाचाच. मधे एखादं नवं कार्ड बसवलं तर मार्गांचेच क्रमांक सरकू शकतात.

शून्याचंही एक सांगून टाकतो. लिनक्स सुरू करून देणारा ‘ग्रब’ नावाचा एक प्रोग्राम आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीत डिस्क शून्यापासून मोजत आणि डिस्कवरचे भागही शून्यापासून. नव्या आवृत्तीत डिस्क शून्यापासून, पण भाग एकापासून! यंत्राला शून्यापासून मोजणं सोयीचं असतं, हे मला पटतं. पण ते त्याने पोटात ठेवावं. माणसाला दाखवताना एकापासून मोजावं. चौतीस वर्षांत शून्य हजेरी नंबराचा मुलगा मी पाहिला नाही.

आता कुणी म्हणेल, मग कारखान्याचा नंबर प्रत्येक वस्तूवर असतोच की, तोच वापरा. एवढं सोपं नाही. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूत ती बनवणाऱ्याचा क्रमांक आणि मालाचा क्रमांक असतो. पण त्या एका नगाचा स्वतःचा क्रमांक सगळ्याच वस्तूंत नसतो. स्वस्तातल्या मालात कधी तो नसतोच, कधी शेकडो नगांवर एकच छापलेला असतो. असा क्रमांक नसलेला प्रिंटर आज या भोकात आणि उद्या त्या भोकात लावला, तर काही सिस्टीम त्याला नवीनच समजतात आणि यादीत त्याच प्रिंटरच्या नावापुढे ‘कॉपी १’ दिसायला लागतं. तुम्ही पाहिलं असेल. कागद पाठवावा तर तो जुन्या, आता जागेवर नसलेल्या प्रिंटरच्या दारात वाट पाहत बसतो. मांडणीचा लांबलचक क्रमांकही संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल केली की नकलेवर तसाच उतरतो. जुळी मुलं आणि दोघांचा रजिस्टर नंबर एकच! म्हणून एका ओळखीवर विसंबून चालत नाही. मास्तर करतो तेच करावं लागतं. नाव पुकारा, पाडा विचारा, मग रजिस्टर उघडा.

नंबर कसा द्यावा याचा धडा आपल्याकडेच आहे, त्यासाठी लांब जायला नको. पिन कोड घ्या. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते लिहायच्या लिप्या अनेक. उपाय म्हणून सहा आकडे. मोखाड्याचा ४०१६०४, जव्हारचा ४०१६०३. यातले पहिले तीन आकडे टपालाची वाटणी कुठे होते ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या पोस्टातून पत्र घरी येतं ते. हा उघड उघड बाकाचा नंबर आहे आणि तो आपण बाकाचा आहे हे लपवत नाही. पत्र कुठे न्यायचं एवढंच तो सांगतो. अमुक माणूस कोण, हे सांगायला तो जात नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. आमच्या पिन कोडातले पहिले तीन आकडे ४०१ होते तेच राहिले, कारण ते टपालाच्या वाटेवरून पडलेले, जिल्ह्याच्या हद्दीवरून नव्हे. शाळांच्या यूडायस क्रमांकाचं मात्र वेगळं. तो अकरा आकडी. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढचे दोन जिल्ह्याचे. जिल्हा बदलला की आकडे बदलणं आलं. शाळा तिथेच, कौलं तीच, फळा तोच, मुलं तीच. ओळख मात्र नवी. कायमच्या ओळखीत बदलू शकणारी माहिती कोंबली की असं होतं. याच्या उलट आधारचा नंबर. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. त्या बारा आकड्यांवरून जिल्हा, जात, वय, काहीच कळत नाही. शेवटचा आकडा फक्त आधीचे आकडे लिहिण्यात चूक झाली का ते पडताळायला. आधारबद्दल कुणाचं काही मत असो, पण नंबराच्या पोटात अर्थ ठेवायचा नाही, हा विचार मला पक्का वाटतो. माणूस कुठेही राहायला गेला तरी नंबर खोटा पडत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने दोन हरकती घेतल्या, त्याही सांगतो. पहिली अशी: “गुरुजी, ते लांबलचक क्रमांक बत्तीस-बत्तीस अक्षरांचे असतात. माणूस वाचणार कसा? त्यापेक्षा ई, एफ सुटसुटीत.” बरोबर आहे. म्हणूनच मी हजेरी नंबर बंद करा म्हणत नाही. हजेरी घ्यायला तो हवाच. माझं म्हणणं एवढंच की पुसणं, प्रत काढणं, कुलूप लावणं अशा परत न फिरणाऱ्या कामाला हजेरी नंबरावर सही घेऊ नका.

दुसरी हरकत मला जास्त वजनदार वाटली. कायमचा नंबर म्हणजे कायमची पाळतही. मोबाइलचा वाय-फाय क्रमांक बाजारातल्या प्रत्येक दुकानाला ऐकू जायला लागला, तर माणूस कुठून कुठे गेला ते कुणीही टिपून ठेवील. म्हणून २०१४ पासून आयफोन वाय-फाय शोधताना खरा क्रमांक न सांगता तात्पुरता सांगायला लागला, पुढे अँड्रॉइडनेही ती वाट धरली. हे योग्यच झालं. आणि यातही शाळेची रीत मोडत नाही. जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण ते वाचून दाखवत नाही. घरात पक्का नंबर, बाजारात हवा तर तात्पुरता.

तर मग ऑपरेटिंग सिस्टीमने करावं काय? माझ्या अल्पबुद्धीला जे सुचतं ते असं. नवी वस्तू पहिल्यांदा दारात आली की तिचं नाव विचारावं, जसं आपण दाखल करताना विचारतो. “याला काय म्हणू?” एवढं पुरे. आज नाव द्यायची सोय असते, पण ती शोधावी लागते, आणि शोधायची बुद्धी होते ती नुकसान झाल्यावर. एकदा नाव दिलं की वस्तू कुठल्याही भोकात, कुठल्याही क्रमाने लावली तरी तेच नाव समोर यावं. दोन वस्तू ओळखायला येत नसतील तर तसं सरळ सांगावं. एक अक्षर डकवून सगळं आलबेल असल्याचा आव आणू नये. गेलेल्या वस्तूची ओळ निदान काही काळ तरी दुसऱ्या कुणाला देऊ नये. आणि पुसायच्या आधी अक्षर विचारू नये. आत काय आहे ते दाखवावं: “यावर तीन तासांचं गाण्याचं रेकॉर्डिंग आहे, ते २०१५ साली ठेवलेलं आहे. हेच पुसायचं का?” असा प्रश्न त्या दिवशी आला असता तर माझा हात नक्की थांबला असता. ही माहिती संगणकाजवळ होती. त्याने ती सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एक शेवटची गोष्ट, आपल्या भाषेची. नाव आपल्या लिपीत देता आलं पाहिजे. एफएटी-३२ ही पेन ड्राइव्हवरची जुनी, अजूनही सर्रास दिसणारी मांडणी आहे. तिच्यात नावाला अकराच जागा, आणि त्यात देवनागरी बसत नाही. ‘आजीची गाणी’ असं लिहायला गेलं की ती नको म्हणते. एक्सएफएटी या नव्या मांडणीतही जागा अकराच, पण देवनागरी चालते. काने, वेलांट्या आणि मधली मोकळी जागा धरून ‘आजीची गाणी’ दहा जागांत बसतं. मी मोजून पाहिलं आहे.

मोजायचं कारण घडलं. गेल्या वर्षी आजींची ती नात पुन्हा घरी आली. आता तिच्या पदरात मूल आहे. म्हणाली, मला आजीची काही गाणी अर्धीमुर्धी येतात, विसरायच्या आत भरून घ्या. दर रविवारी ती येते, मूल मांडीवर झोपवते आणि आठवेल तेवढं गाते. काही ओळी सापडत नाहीत. तिथे ती थांबते, मीही थांबतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागा रिकाम्याच ठेवल्या आहेत. हजेरीपत्रकात नुसत्या रेघा मारायचो, तशाच. त्यांच्यावर दुसरं काही भरायचं नाही.

या वेळी प्रती तीन आहेत. तिन्हींवर वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे, तिन्हींना नाव दिलं आहे, आणि एक तिच्याच घरी ठेवली आहे. वहीतली ‘ई’ आणि ‘एफ’ मात्र मी खोडलेली नाहीत. पान उघडलं की दिसावीत, म्हणून.